एका ‘मा’ची अनेक कुळे

ही स्मरणिका चाळली तर एक अक्षर पानोपानी भेटेल : ‘मा.’ मा. अध्यक्ष, मा. मुख्याध्यापक, मा. विश्वस्त. शाळेच्या आठवणी माझे सोबती लिहितीलच. मी या अक्षराविषयी लिहितो, कारण शब्दाचा माग काढायची गोडी इथल्याच वर्गांत लागली आणि ते ऋण असेच फेडावे असे वाटते.

‘मा.’ म्हणजे माननीय. यातला मान ‘मन्’ धातूचा. मनाने धरणे, मानणे. तापमानातले, परिमाणातले ‘मान’ मात्र ‘मा’ धातूचे, म्हणजे मोजण्याचे. आणि डोके पेलणारी मान आली संस्कृत ‘मन्या’वरून. तिघांचे रूप एक, कूळ निराळे. एका भाषेच्या घरात ही गत, तर जगभरचे ‘मा’ एका ओळीत मांडल्यावर काय दिसेल? इटालियनमध्ये ‘मा’ म्हणजे पण. फारसीत आम्ही, हंगेरियनमध्ये आज, एस्टोनियनमध्ये मी, व्हिएतनामीत भूत, सुमेरियनमध्ये होडी. अरबीत ‘काय’ आणि ‘नाही’ दोन्ही. संस्कृतात ‘नको’.

संस्कृतपासून सुरुवात करू, कारण हा ‘मा’ आपण सर्वांनी तोंडपाठ केलेला आहे. पाणिनीचा नियम असा की ‘मा’ आला की क्रियापद लुङ् लकारात, म्हणजे भूतकाळाच्या एका प्रकारात, घ्यायचे (३.३.१७५) आणि त्या रूपाच्या आरंभीचा ‘अ’ गाळायचा (६.४.७४). गीतेतल्या ‘मा कर्मफलहेतुर्भूः’ यातले ‘भूः’ म्हणजे ‘अ’ गाळलेले ‘अभूः’. ‘मा निषाद’ या श्लोकात मात्र ‘त्वमगमः’ असे येते. ‘अगमः’मधला ‘अ’ तिथे टिकला आहे आणि तो का टिकला हे सांगताना टीकाकारांना ‘आर्ष प्रयोग’, म्हणजे ऋषींच्या तोंडचा म्हणून चालवून घेतलेला, असे म्हणावे लागते. ग्रीकमध्ये मनाई करणारा शब्द ‘मे’. एखादी गोष्ट करूच नकोस असे सांगताना त्याच्यासोबत येणारे क्रियापदही लुङ्च्याच जातकुळीतल्या अंगावर बेतलेले असते. शब्द जुळला, अर्थ जुळला आणि वाक्यात बसायची रीतही जुळली, म्हणून हे नाते पक्के मानतात.

केवळ उच्चार जुळला तर मी त्याला काहीच किंमत देत नाही. माग काढायचा तो असा : आधी दोन्ही शब्दांचे सर्वांत जुने सापडेल ते रूप घ्यायचे. मग त्या रूपांत जो ध्वनिबदल दिसतो तोच बदल त्याच दोन भाषांच्या इतर शब्दांत होतो का, ते पाहायचे. तेही साध्या, रोजच्या शब्दांत, कारण ते सहसा उसने घेतले जात नाहीत. शेवटी अर्थ. अर्थापासून सुरुवात केली की घसरगुंडी ठरलेली, कारण ओढूनताणून कोणताही अर्थ कोणत्याही अर्थाला जोडता येतो.

इटालियन ‘मा’ घ्या. तो लॅटिन ‘मागिस’ची झीज. मागिस म्हणजे अधिक. ‘उलट, अधिक खरे म्हणजे’ असे म्हणता म्हणता त्याचा ‘पण’ झाला. स्पॅनिशमध्ये तोच ‘मास’ होऊन ‘अधिक’ राहिला. या ‘मागिस’चे मूळ आणि आपल्या ‘महा’चे मूळ एकच. पण ‘ग’ आणि ‘ह’ कसे जुळावेत? ग्रीक शेजारी ठेवा : संस्कृत महि तर ग्रीक मेगा; तसेच अहम् आणि एगो, दुहिता आणि थुगातेर. एक जोडी योगायोगाने सापडते. मोठा, मी आणि मुलगी अशा तीन साध्या शब्दांत तीच अदलाबदल झाली, तर तो नियम असतो.

फारसी ‘मा’ प्राचीन फारसीत ‘अमाखम्’ होता. संस्कृत ‘अस्माकम्’ त्याचा सख्खा भाऊ. ‘अस्म’चे प्राकृतात ‘अम्ह’ झाले आणि मराठीत ‘आम्ही’. म्हणजे फारसी ‘मा’ आणि मराठी ‘आम्ही’ एका रक्ताचे, तर फारसी ‘मा’ आणि संस्कृत ‘मा’, कानाला हुबेहूब असूनही, एकमेकांचे कोणी नव्हेत.

सर्वाधिक फसगत ‘माता’पाशी होते. ‘मा’ म्हणजे मापणे, निर्माण करणे; म्हणून माता म्हणजे निर्माण करणारी, असे भाषणांतून ऐकू येते. ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. लॅटिनमध्ये आई ‘मातेर’ आणि महिना ‘मेन्सिस’. महिना मोजण्याच्या धातूचा मानतात, कारण चंद्र काळ मोजतो. त्यात मुळात ‘ए’ होता. आईत ‘आ’ होता. संस्कृतात जुने ए, ओ आणि आ एकाच ‘आ’त मिसळले, म्हणून माता आणि मास सारखे दिसू लागले. मासाचा खरा नातलग सरकारी कागदांवरचा ‘माहे’. फारसी ‘माह’ आणि मास यांत तोच स-ह फरक आहे जो सप्त आणि हप्ता यांत आहे.

आईच्या शब्दांत आणखी एक अडचण आहे. मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरचे आई-वडिलांचे १०७२ शब्द जमवले. आईच्या ५५ टक्के शब्दांत म, न यांसारखे अनुनासिक निघाले, वडिलांच्या फक्त १५ टक्के. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसन यांनी कारण दिले : दूध पिताना बाळाचे तोंड बंद असते, आवाज नाकातूनच निघू शकतो आणि भूक लागली की बाळ तोच आवाज काढते. म्हणून असे शब्द नात्याच्या पुराव्यात धरू नयेत. शिवाय उलटेही घडते : जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई.

चिनी ‘मा’ सुरावर चालतो : उंच सपाट सुरात आई, चढत्या सुरात वाखाचे झाड, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा, उतरत्या सुरात शिव्या देणे. ‘आई’चे चिन्ह डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा असे लिहितात. यातून बाई-घोड्याची गोष्ट रचणारे चुकतात. घोडा तिथे फक्त ‘मा’ हा उच्चार सांगायला बसवला आहे. बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करताना संस्कृत ‘मार’, म्हणजे बुद्धाला मोहात पाडू पाहणारा सैतान, लिहायचा होता, तेव्हाही हीच युक्ती केली. उच्चारासाठी वाखाचे चिन्ह, त्याच्या खाली अर्थासाठी भुताचे. आज चिनी लोक ते चिन्ह ‘मो’ असे वाचतात. जपानी आणि व्हिएतनामी लोकांनी ‘मा’ राखला. व्हिएतनामी भूत असे आपल्या ‘मरणे’तल्या ‘मृ’ धातूपर्यंत पोहोचते. फक्त हे उसने घेतलेले नाते आहे, रक्ताचे नव्हे, आणि दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवायच्या असतात.

राहिली होडी. सुमेरियन ही कोणत्याच ज्ञात भाषेशी नाते नसलेली भाषा, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी बोलण्यातून गेलेली. तिच्यात ‘मा’ म्हणजे होडी, ‘लाख’ म्हणजे हाकणे, आणि ‘मा-लाख’ म्हणजे नावाडी. शेजारच्या अक्कादी भाषेने तो शब्द ‘मलाखु’ म्हणून उचलला, अरामीतून तो अरबीत गेला, तिथून फारसी-उर्दूत आणि मग हिंदीत. तिथे नाव वल्हवणाऱ्याला अजूनही मल्लाह म्हणतात.