लाकडी हेडफोन घेण्याआधीचे पाच आठवडे

मे महिन्यात आमच्या घरी गाणं ऐकणं अवघड होतं. नागपूरच्या धरमपेठेतलं जुनं घर, खिडकीत लोखंडी डेझर्ट कूलर आणि बाहेर पारा 44 च्या वर. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी 600 आहे आणि त्याच्यावर माझा फार जीव आहे. पण तो ओपन-बॅक, म्हणजे कपांना मागून जाळी. कूलर सुरू असला की त्याची घरघर थेट कानात येते, आणि बंद केला तर विलंबित ख्याल संपेपर्यंत बसवत नाही. म्हणून दोन वर्षांपासून मला एक चांगला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचा हेडफोन हवा होता, आणि जमलं तर लाकडाचा.

लाकडाची ही ओढ जुनी आहे. सोनीने 1989 मध्ये एमडीआर-आर10 काढला. त्याचे कप जपानी झेल्कोवाच्या जुन्या झाडांच्या लाकडातून कोरलेले होते. तेव्हापासून महागड्या हेडफोनला लाकूड जे चिकटलं ते आजतागायत. फोस्टेक्सच्या टीएच900 वर उरुशी लाखेचं काम, डेनॉनच्या एएच-डी9200 ला जपानच्या कोची प्रांतातला बांबू, ऑडिओ-टेक्निकाच्या डब्ल्यू1000झेड ला सागवान. सागवानाचं नाव वाचून विदर्भातल्या माणसाच्या मनात काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण फोटो बघून आणि दुसऱ्याची मतं वाचून एवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती, आणि असा हेडफोन निवांत बसून ऐकू देणारं दुकान मला नागपुरात सापडलं नाही.

शेवटी पुण्याचा आतेभाऊ कामी आला. तो नवीन घेणार होता, म्हणून त्याचा चार वर्षं वापरलेला जपानी बनावटीचा हेडफोन त्याने मला पाठवला. अक्रोडाचे कप, 50 मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, आणि विजेला अडथळा 25 ओहमचा. "महिनाभर ठेव दादा, पटला तर 50 हजार दे, नाही तर परत पाठव," असं म्हणाला. कंपनी आणि मॉडेल इथे लिहीत नाही. मी ऐकला तो एकच नग, तोही वापरलेला. त्यावरून त्या मॉडेलला चांगलं किंवा वाईट म्हणणं बरोबर होणार नाही.

पहिल्या रात्री मी भारावून गेलो. डग्ग्याची घुमक अशी भरून यायची की मान आपोआप हलायची. त्या रात्री पैसे मागितले असते तर देऊन मोकळा झालो असतो. चौथ्या दिवशी मात्र सौ.ने तो डोक्यावर घातला. ती गाणं शिकवते, रोज सकाळी सहाला तंबोरा लावते. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "अहो, हा खर्ज भोपळ्यातून नाही, माठातून येतोय."

त्या वाक्याने माझी पुढची सगळी पद्धतच बदलली. दुसऱ्याने ध्वनिमुद्रित केलेलं गाणं ऐकून आपण हेडफोनबद्दल बोलतो, पण त्या खोलीत मूळ आवाज कसा होता हे आपल्याला कुठे माहीत असतं? मला ठाऊक असलेला मूळ आवाज एकच, तिचा तंबोरा. मिरजेचा, बावीस वर्षांचा. मी दुपारी कूलर, पंखा, फ्रिज सगळं बंद करून, छोट्या रेकॉर्डरवर तो अडीच हात अंतरावरून दहा मिनिटं मुद्रित केला. मग वाजणारा तंबोरा समोर आणि तेच मुद्रण हेडफोनमध्ये, असं आळीपाळीने ऐकलं. घरात कुठलंही वाद्य असेल तर हे जरूर करा. पुढच्या पाच आठवड्यांत मी जे काही तपासलं, त्यात सगळ्यात जास्त या दहा मिनिटांनी शिकवलं.

ती म्हणाली ते खरं होतं. तिचा स्वर काळी चार, म्हणजे खर्ज सुमारे 104 हर्ट्झला येतो. हेडफोनमध्ये तोच फुगत होता, आणि तार छेडून झाल्यावरही रेंगाळत होता. दोन दिवस मी बंद कपांना दोष देत बसलो. चूक निघाली माझ्या जुन्या अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये. त्याच्या सर्किटमध्ये हेडफोनचा जॅक स्पीकरच्याच लाइनवरून 330 ओहमच्या रेझिस्टरमधून काढलेला आहे. जुन्या अँपमध्ये ही सोय सर्रास असते. 300 ओहमच्या एचडी 600 वर त्याचा त्रास मला इतकी वर्षं जाणवला नव्हता. पण 25 ओहमच्या हेडफोनचं गणित वेगळं. अशा ड्रायव्हरचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सगळ्या सुरांना सारखा नसतो, खाली एका जागी तो वर चढतो. समजा 25 चा 35 झाला. 330 ओहमच्या मागे त्या जागेचा आवाज साधारण 2.7 डेसिबलने वाढतो. मागे फक्त 1 ओहम असेल तर हीच वाढ 0.1 डेसिबल. शिवाय पडद्याला आवरून धरणारी विजेची पकड सुटते, म्हणून तो थांबायचा तेव्हा थांबत नाही. हेडफोनच्या ओहमला आठने भागावं, अँपचा आउटपुट इंपीडन्स त्याच्या आत असावा, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे इथे सुमारे 3 ओहम.

मुलाकडे फोनला लावायचा छोटासा डॅक होता, म्हणजे डिजिटल गाणं हेडफोनपर्यंत पोचवणारी डबी, आउटपुट एक ओहमच्या आतला. तो लावला आणि माठ गेला. खात्री म्हणून मी डोळे मिटून बसलो आणि मुलाला माझ्या नकळत जॅक बदलायला सांगितलं. बारापैकी बारा वेळा ओळखलं. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घेतला होता, कारण जरा मोठं वाजणारं आपल्याला नेहमी चांगलं वाटतं. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी असला की कानाला खालचे सूर त्या मानाने आणखी कमी ऐकू येतात. त्यामुळे आवाज सारखा न करता केलेल्या तुलनेवर मी आता अजिबात विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही. दोन हेडफोनमध्ये तुलना करायला मी जाड पुठ्ठ्याला भोक पाडून फोनचा माइक त्यात बसवला, पॅड पुठ्ठ्यावर दाबून पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेली एकसारखी खरखर, वाजवला आणि दोन्हींचे आकडे जुळवले. एका डेसिबलच्या आसपास जमतं, घरच्या कामाला तेवढं पुरतं.

यानंतर खालचा सूर उलट पातळ वाटायला लागला! कधी बरोबर, कधी हलका, आणि हे सगळं एकाच दिवसात. यात माझा एक आठवडा गेला. कारण होतं चष्मा. बंद हेडफोनमध्ये पॅड आणि डोकं यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते आणि खालचा सूर त्या कोंडलेल्या हवेच्या दाबावर उभा असतो. चष्म्याच्या काडीने बारीकशी फट पडली तरी तो दाब निसटतो. तपासायचं अगदी सोपं आहे: 40 हर्ट्झचा साधा स्वर लावा आणि कप तळहाताने हळूच दाबा. दाबल्यावर आवाज एकदम वाढला तर फट आहे. माझ्या जाड प्लॅस्टिकच्या चष्म्यावर तो भरपूर वाढला, जुन्या बारीक तारेच्या चष्म्यावर थोडाच. चष्मा काढून ठेवल्यावरही थोडासा वाढायचा राहिला, म्हणजे काडीशिवाय आणखी काहीतरी होतं. ते म्हणजे पॅड. चार वर्षांत फोम बसला होता, आणि घामाने कातडीसारखं आवरण डाव्या बाजूला सोलायला लागलं होतं.

पॅडची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण तिचा मनस्ताप आता उगाळायचा नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याने "ओरिजिनल" म्हणून पाठवलेला जोड भलताच निघाला, छिद्रांच्या चामड्याचा. तो लावल्यावर खर्ज जवळजवळ गायबच. परतीला बारा दिवस आणि सात फोन लागले. शेवटी आतेभावानेच पुण्याहून खरा जोड मिळवून दिला. वापरलेला बंद हेडफोन घेणार असाल तर पॅड किती जुने आहेत हे आधी विचारा. फोम बसला की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, फट वाढते, आणि तुम्ही ऐकता तो मुळात दुसराच हेडफोन असतो.

मधल्या त्या बारा दिवसांत मी कप घेऊन लकडगंजला गेलो. आमच्या खिडक्या केलेले मिस्त्री तिथे बसतात. त्यांनी कप उन्हात धरला, रेषा बघितल्या, नखाने वाजवला. "अक्रोड हाये भाऊ, चांगलं वाळलेलं. पण हे तं वाजूनच नाही राह्यलं." मी म्हटलं, वाजू नये म्हणूनच केलंय काका. त्यांना ते पटेना. तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम वाजायचं, तर कानाशी लावायच्या लाकडाचं काम न वाजायचं कसं? मी समजावून सांगितलं. पडदा पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. ओपन-बॅकमध्ये मागचा आवाज जाळीतून निघून जातो. बंद कपात त्याला वाटच नसते, तो भिंतीवर आपटून पडद्यावर परत येतो. कपाची भिंत स्वतःच थरथरली तर तिचा स्वर गाण्यात मिसळतो. जाड लाकूड हा थरथराट स्वतःत जिरवतं, आणि कातकामात त्याला आतून हवी ती वक्र गोलाई देता येते, समोरासमोर सपाट भिंती टाळता येतात. बाकी बरंचसं काम आतल्या लोकरीचं आणि फोमचं. त्यांनी शेजारी पडलेला सागवानाचा तुकडा तसाच वाजवून बघितला आणि म्हणाले, "मंग आपलं सागवानही चाललं असतं." माझंही तेच मत आहे. अक्रोड की साग यापेक्षा भिंत किती जाड, आत काय भरलंय आणि पॅड कसा बसतो, यावर आवाज जास्त ठरतो. निघताना त्यांनी बजावलं, कूलरच्या झोतात ठेवू नका आणि लगेच उन्हातही नेऊ नका. आपल्याकडे मेमध्ये दुपारी हवा कोरडी खडखडीत असते आणि जुलैत ओलीचिंब. लाकडाला तो फरक सोसावा लागतो.

नवे पॅड आले, छोटा डॅक लावला, तारेचा चष्मा घातला आणि मग कुठे खरी परीक्षा सुरू झाली. दहा रात्री ऐकलं. खर्ज आता भोपळ्यातूनच येत होता. किशोरीताईंच्या आलापात श्वास घेतलेला कळत होता, आणि वसंतरावांची तान सुटताना प्रत्येक दाणा वेगळा. एक वैगुण्य मात्र राहिलं. खालून वर सरकणारा साधा स्वर वाजवला की साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास तो किंचित पुढे उसळतो. कपात पाच सेंटिमीटरचं अंतर धरलं तर अर्धी लहर नेमकी तिथेच येते, त्यामुळे ते बहुधा आतूनच परतलेल्या आवाजाचं काम असावं. जवारीची, म्हणजे तारेच्या झणकाराची, झळाळी त्यामुळे खऱ्या तंबोऱ्यापेक्षा थोडी जास्त वाटते. मी इक्वलायझरमध्ये तिथे दोन डेसिबल कमी केले आणि ती बरीच जुळली. आणि गायक-साथीदारांमधलं अंतर एचडी 600 इतकं मोकळं वाटत नाही. ते मी मान्य केलंय.

कूलरचं काय? घरघर पूर्ण जात नाही. बंद कप वरचे आवाज छान अडवतात, खालचे कमी. पण पाण्याचा खळखळाट आणि पात्यांची सळसळ गेली, आणि उरलेल्या घरघरीवर विलंबित ऐकता येतो. गरम मात्र होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 390 ग्रॅम भरलं, तासाभराने कानामागे घाम येतो. मी दर रात्री पॅड कोरड्या सुती कपड्याने पुसतो.

जूनच्या मध्यात सौ.ने पुन्हा तेच मुद्रण ऐकलं. डोळे मिटून, चार-पाच मिनिटं. मग हेडफोन काढून म्हणाली, "त्या दिवशी जोडीतली दुसरी तार थोडी उतरलेली होती हो. तुम्ही मुद्रण घेताना मला सांगितलं का नाही?" मला महिनाभरात ते कळलं नव्हतं. तिने लगेच उठून तंबोरा लावला, आणि आम्ही दुसरं मुद्रण घेतलं.

त्याच रात्री आतेभावाला फोन केला. पॅडचे पैसे वजा करून 46 हजारांवर ठरलं. हेडफोन आता कूलरपासून लांब, पुस्तकांच्या कपाटात कापडी पिशवीत असतो. पावसाळ्यासाठी शेजारी सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवल्या आहेत.