तुम्ही विचारलंत म्हणून: अळ्यांवरून मरणाची वेळ कळते का?

‘प्रेतावरच्या अळ्या बघून माणूस कधी मेला ते सांगता येतं ना?’ हा प्रश्न नेहमीचा. बहुतेकदा त्यामागे टीव्हीवरची एखादी मालिका असते. खरं उत्तर असं, की अळ्या मरणाची वेळ सांगत नाहीत. पहिल्या माशीनं अंडी कधी घातली, एवढंच त्या सांगतात. म्हणजे ‘मृत्यू निदान इतक्या काळापूर्वीचा’ असं म्हणता येतं. आणि हे उत्तर किती खरं निघेल, ते अळीपेक्षा थर्मामीटरवर ठरतं.

गोव्यात उघड्यावर पडलेल्या प्रेतावर, मग ते माणसाचं असो की रानडुकराचं, दिवसाउजेडी माशा यायला वेळ लागत नाही. आधी येते ती निळसर-हिरव्या चकाकीची, मोठ्या तांबड्या डोळ्यांची क्रायसोमिया मेगासेफाला. ती डोळे, नाक, तोंड आणि जखमांत अंडी घालते. त्यामुळे तळहातावर अळ्यांचा पुंजका दिसला, तर तिथं जखम होती का हे शवविच्छेदनात बघायला सांगावं. पंचविशी-तिशीच्या तापमानात अंडी दिवसभरात फुटतात, अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत जाते, मग खाणं सोडून मातीत शिरते आणि कोष करते. अंड्यापासून माशीपर्यंत नऊ-दहा दिवस. अळीची अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या श्वसनरंध्रांवरून ओळखतात: दुसऱ्या अवस्थेत प्रत्येकावर दोन फटी, तिसऱ्या अवस्थेत तीन. राखाडी मांसमाशी मात्र अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच सोडते. जात ओळखायला चुकलं, तर अंड्याचा काळ उगाच हिशेबात येतो.

हा हिशेब अंश-तासांचा असतो, म्हणजे वाढ थांबते त्या तापमानाच्या वर किती अंश, गुणिले किती तास. समजा, एखाद्या जातीची वाढ १० अंशांखाली थांबते आणि प्रयोगशाळेत २७ अंशांवर ती तिसऱ्या अवस्थेत पोचायला ६० तास लागतात. २७ वजा १० म्हणजे १७, गुणिले ६०, झाले १०२० अंश-तास. घटनास्थळी सरासरी ३० अंश असतील तर तेवढ्याच वाढीला ५१ तास पुरतात. २४ असतील तर जवळजवळ ७३ लागतात. तापमानात तीन अंशांची चूक झाली, की दिवसरात्रीचा घोळ होतो.

आणि गोव्यात तीन अंशांची चूक सहज होते. तपास अधिकारी हवामान खात्याच्या आल्तिनो केंद्राचे आकडे मागवतात. ते केंद्र पणजीच्या टेकडीवर, समुद्राजवळ. प्रेत सापडलेलं असतं सत्तरी तालुक्यातल्या पाण्यानं भिजलेल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत), नाहीतर एप्रिलच्या उन्हात तापलेल्या काजूच्या उतारावर. म्हणून प्रेत हलवल्यावरही जागेवर, सावलीत, तापमान नोंदवणारं यंत्र निदान पाच, जमल्यास दहा दिवस ठेवायचं. त्याच दिवसांच्या आल्तिनोच्या नोंदींशी ताडून फरक काढायचा आणि मागच्या दिवसांना तो लावायचा. अळ्यांच्या ढिगातलं तापमान वेगळं मोजायचं, कारण तो स्वतःच तापतो आणि बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त भरू शकतो.

मिरग लागला की गणित आणखी अडतं. मुसळधार पावसात माशा उडत नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं किंवा बंद खोलीतलं प्रेत त्यांना उशिरा सापडतं. हुमले (तांबड्या मुंग्या) तर अंडीच उचलून नेतात. शिवाय त्यांच्या चाव्यांचे डाग कातडीवर अ‍ॅसिडच्या भाजण्यासारखे दिसतात आणि छळाची शंका येते. क्रायसोमिया रुफिफेसीस या दुसऱ्या माशीच्या काटेरी अळ्या मोठ्या झाल्या, की आधी आलेल्या अळ्यांनाच खातात. मग उरतात त्या उशिरा आलेल्या, आणि अंदाज तोकडा पडतो.

सगळ्यात जास्त नुकसान नमुना घेताना होतं. जिवंत अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या, की त्या आखडतात, काळ्या पडतात आणि मोजताना लहान, म्हणजे कमी वयाच्या भरतात. योग्य रीत अशी: ८० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायच्या, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या. शवागारातलं फॉर्मेलिन हाताशी असतं, पण वापरू नये. अळ्या कडक होतात आणि डीएनए खराब होतो. शरीराच्या प्रत्येक भागाची बाटली वेगळी, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी; शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. निम्म्या अळ्या जिवंत ठेवून यकृताच्या (कलेजीच्या) तुकड्यावर, भुशाच्या डब्यात वाढवायच्या, म्हणजे माशी झाल्यावर जात पक्की होते. प्रेत शीतकपाटात ठेवल्याची वेळ लिहून घ्यायची, कारण तिथं वाढ मंदावते.

सर्वांत थोराड अळी प्रेतावर असेलच असं नाही. ती पोट भरून केव्हाच निघून गेलेली असते. दोन-तीन मीटरच्या परिघातली माती, पालापाचोळा, दगडांखालच्या फटी चाळायच्या. जांभ्याच्या कडक जमिनीत ती खोल शिरू शकत नाही, म्हणून पाल्यातच बघावं. एक रिकामा कोष मिळाला तरी निदान एक पिढी पूर्ण झाली, हे सिद्ध होतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चांगलंच आहे, फक्त पथकाच्या पेटीत थर्मामीटर आणि गरम पाण्याचा थर्मास आहे का, ते बघावं.

जंगलातही हेच लागू पडतं. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला वाघीण आणि तीन बछडे मेलेले सापडले, तेव्हा विषाचा संशय होता. अशा वेळी मांस सडून गेलं तरी अळ्यांमध्ये विष शोधता येतं. हवाईत मॅलेथिऑन हे कीटकनाशक असंच अळ्यांत सापडलं होतं. त्यासाठी काही अळ्या अल्कोहोलमध्ये न घालता स्वच्छ पाण्यानं धुऊन गोठवायच्या. आणि वास येतो म्हणून प्रेतावर फिनेल किंवा कीटकनाशक मारायला धावणाऱ्याला नमुने घेऊन होईपर्यंत थांबवायचं.