ढेकूण गेले, दुसऱ्या फवारणीचा राग नाही गेला

घरातले ढेकूण संपून चार महिने झाले. पण फोनवरचं ते "उद्या माणूस पाठवतो" आठवलं की अजून डोकं तडकतं.

आधी हातावर ओळीने गांध्या, मग डासांवर संशय, मग चादरीवर रक्ताचा डाग. गादीची शिवण ताणून पाहिली, तर पेनाची शाई टिपकावी तसे काळे ठिपके. औषधवाला आला, फवारून गेला, आठवडाभर छान झोप लागली.

नवव्या रात्री पुन्हा खाज.

फोन केला. "मॅडम, औषध लागू पडायला वेळ लागतो." मी वाट पाहिली. ती पाहायला नको होती. बहुतेक औषधांनी चालते-फिरते ढेकूण मरतात, अंडी मरत नाहीत. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, फटीत चिकटवलेलं, आठ-दहा दिवसांत फुटतं. पिल्लाला मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. ती मोठी होऊन अंडी घालण्याआधी, म्हणजे पहिलीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी फवारणी लागतेच. हे मला वाचून कळलं. ज्यांचा हा धंदा आहे, त्यांना माहीत नसेल?

पुन्हा फोन. "ढेकूण दाखवा, मग माणूस येईल." चिकटपट्टीवर एक धरून फोटो पाठवला. उत्तर आलं, "हे झुरळाचं पिल्लू आहे." मग एक जिवंत पकडून बाटलीत ठेवला आणि व्हिडिओ पाठवला. आता साहेब सुट्टीवर! पावतीवर 'गॅरंटी' छापलेलं होतं. किती वेळा येणार, कधी येणार, याचा एक शब्द नव्हता. मीही पैसे देताना वाचलं नव्हतं, ही माझी चूक. तुम्ही दुसऱ्या फवारणीची तारीख लिहून घ्या, त्याआधी पूर्ण पैसे देऊ नका. आमच्याकडे माणूस उगवला सव्विसाव्या दिवशी. तोवर त्या पिल्लांनी आमच्या जिवावर दोन-तीनदा कात टाकली असणार.

मधल्या दिवसांत मी गप्प बसले नाही. पलंग भिंतीपासून ओढला, चादर जमिनीला टेकू दिली नाही आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत वाटी ठेवून आत पावडर लावली. ढेकणाला गुळगुळीत कड चढता येत नाही. रोज सकाळी मोजायचे: सात, पाच, पुन्हा सहा. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये फिरवले; त्या उष्णतेत अंडीही मरतात. गादी मात्र नुसती उन्हात टाकून भागत नाही, आतला भाग तापतच नाही. शिवणी आणि पलंगाच्या सांध्यांवरून वाफ सावकाश फिरवली, तिचा उपयोग झाला.

नवरा कंटाळून सोफ्यावर झोपायला गेला. आठवड्यात सोफ्यातही ढेकूण! खोली बंद ठेवून ते उपाशी मरतील, ही आशाही सोडा. ते कित्येक महिने तग धरतात. कुणी रॉकेल सुचवलं तर ऐकू नका, घर पेटेल.

दुसऱ्या फवारणीनंतर तीन आठवड्यांनी वाट्या रिकाम्या दिसायला लागल्या. काढल्या अजून नाहीत.

आणि हो, फवारणीनंतर फटी नि कडा लगेच पुसू नका. पहिल्या वेळी मी स्वच्छतेच्या भरात ओल्या फडक्याने सगळं औषध पुसून काढलं होतं. हे त्या औषधवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही.