ठाणं १९.१८ वर, १९.११ वर नाही

आज नकाशात पिना टाकताना तोच जुना घोळ पुन्हा दिसला. ठाणे स्टेशन साधारण १९ अंश ११ मिनिटं उत्तरेला. ते १९.११ असं टाइप केलं की पिन आठेक किलोमीटर दक्षिणेला, पार घणसोलीच्या रांगेत जाऊन बसते. मिनिटांना ६० ने भागायचं: ११ भागिले ६० म्हणजे ०.१८.

अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा आपल्याकडे १०५ च भरतो. अक्षांशाच्या जागी रेखांश असे आकडे उलटे टाकले तर ठाणं थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात!

मेक्सिको सिटी मात्र जवळपास आपल्याच रेषेवर, १९.४ ला. पण ती २,२०० मीटर उंचीवर, त्यामुळे घामाच्या धारा फक्त आपल्याला.