आई हयात आहे, हे बँकेला पटवताना गेलेले तीन महिने

2023 च्या जूनमध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला. वय 84. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तीन महिने घरी दोन पाळ्यांच्या बायका ठेवून पाहिलं. एक आली की दुसरी गावी जायची. शेवटी सप्टेंबरात भावाशी बोलून पुण्याच्या बाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये तिला ठेवलं. अर्ज, रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्सरे, डिपॉझिट, रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं याचं संमतीपत्र, सगळं आठवड्यात झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जाऊन आधी न सांगता एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठनंतर जागा बघा, एवढंच सांगेन. रात्री किती मावश्या हजर असतात ते तेव्हाच कळतं.

मला लिहायचंय ते पेन्शनबद्दल. अजून आठवलं तरी संताप होतो.

बाबा रेल्वेत होते, दौंडला. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली. ती दौंडच्याच बँकेत जमा होते, कारण खातं तिथलं, आणि आईने ते कधी हलवू दिलं नाही. सेंटरचे महिन्याचे 28 हजार. त्यातले साडेअठरा पेन्शनमधून जायचे, उरलेले मी आणि भाऊ निम्मे-निम्मे. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आई स्वतः रिक्षाने जाऊन सही करून यायची आणि येताना भाजी आणायची. त्यामुळे हे काम कधी अडेल असं मनातही आलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा टाकून दौंडला गेले. सोबत सेंटरच्या डॉक्टरांचं पत्र, आईचं आधार, पीपीओची म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, आईचा त्याच आठवड्यात काढलेला फोटो. काउंटरवरच्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "मॅडम, पेन्शनर स्वतः आल्याशिवाय होत नाही."

मी म्हटलं, "त्या अंथरुणाला खिळून आहेत. कुशीवर वळवायलासुद्धा दोघी लागतात."

"मग अँब्युलन्समधून आणा. आम्ही खाली येऊन बघू."

पंचाहत्तर किलोमीटर. पाठीवर जखम होऊ नये म्हणून जिला दर दोन तासांनी कूस बदलून देतात, तिला अडीच तास अँब्युलन्समध्ये घालून बँकेच्या दारात आणायचं. मी विचारलं, तुमच्यातलं कुणी येऊन बघू शकेल का. म्हणाले, घरी येण्याची सोय आहे, पण खात्यावरचा पत्ता दौंडचा आहे आणि त्या राहतात पुण्यात, तिकडचं आमच्याकडे येत नाही. पुण्यातल्या शाखेत जा.

पुण्यात सेंटरजवळच्या त्याच बँकेच्या शाखेत गेले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, खातं दौंडचं आहे, तिकडेच करा. मी म्हटलं, तिकडून मला इकडे पाठवलंय. त्यांनी दौंडला फोन लावला, कुणी उचलला नाही, आणि मला सांगितलं की पत्ता बदलून घ्या, मग बघू. पत्ता बदलायला काय लागतं? खातेदाराची सही. आईचा उजवा हात मुठीत आवळून बसलाय. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मावशी त्या मुठीत रुमालाची गुंडाळी घालून ठेवतात.

या दोन शाखांमध्ये मी पाच खेपा घातल्या. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. नोव्हेंबर संपला. डिसेंबरची पेन्शन आली नाही.

इथे एक सांगते, जे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. हयातीचा दाखला पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येतो. तसं रिझर्व्ह बँकेच्या पेन्शनबाबतच्या परिपत्रकात आहे. दाखला घेतल्यावर बँकेने सहीशिक्क्याची पोच द्यायची हेही त्यात आहे. आणि सत्तरीच्या पुढच्या किंवा आजारी ग्राहकांचा दाखला घरी जाऊन घ्यायची सोय करा, असं रिझर्व्ह बँकेने 2017 च्या नोव्हेंबरातच बँकांना कळवलं होतं. म्हणजे पुण्यातल्या त्या मॅडमनी पहिल्याच दिवशी आमचं काम करायला हवं होतं. केअर सेंटर त्यांच्या शाखेपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

मग कुणीतरी पोस्टाचं सुचवलं. पोस्टाच्या पेमेंट बँकेचा माणूस 70 रुपयांत घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. पोस्टमनदादा खरंच आले, सेंटरमध्ये, तेही वेळेवर. बोटं टेकवायचं छोटं यंत्र घेऊन. मावशींनी रुमाल काढला, कोमट पाण्यात हात धुतला, एकेक बोट हळूहळू सरळ केलं. उजव्या हाताची पाच झाली, डाव्याची पाच झाली. एकही ठसा जुळला नाही. चाळीस वर्षं धुणी-भांडी केलेले हात, रेषा झिजून गेलेल्या. चेहऱ्यावरून करायची सोय त्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर चालेना. ते दादा तासभर थांबले, पैसेही घेतले नाहीत. जाताना आईच्या पायाला हात लावून गेले. त्या तीन महिन्यांत मला माणसासारखं वागवणारे ते पहिले.

जानेवारीची पेन्शनही येणार नाही हे दिसायला लागल्यावर मी दौंडच्या शाखेला लेखी अर्ज दिला. तोंडी काही बोलायचं नाही असं ठरवूनच गेले होते. अर्जात तारखेवार सगळ्या खेपा लिहिल्या आणि शेवटी लिहिलं की पेन्शनर हयात आहेत, त्यांना हलवणं वैद्यकीयदृष्ट्या शक्य नाही, दाखला कुठल्या नियमाने नाकारता ते लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. साहेब म्हणाले, शिक्क्याची काय गरज आहे. मी म्हटलं, मला गरज आहे. तिथेच उभी राहिले. वीस मिनिटांनी शिक्का मिळाला. तुम्ही अडकलात तर हे पहिल्याच दिवशी करा, माझ्यासारखे दोन महिने घालवू नका. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा मिळालेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण त्यासाठी हातात पोच लागते.

सुटका मात्र भलतीकडूनच झाली. समोरच्या खोलीतल्या आजोबांचा मुलगा मला व्हरांड्यात भेटला. म्हणाला, "ताई, मी बाबांचं दरवर्षी मोबाईलवरच करतो. चेहरा दाखवून." 2021 पासून ही सोय आहे! मी नोकरी करणारी, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारी बाई, आणि एकाही काउंटरवर मला हे कुणी सांगितलं नाही.

दोन ॲप लागतात, 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. आधी आपली स्वतःची नोंद करायची, आपलं आधार, ओटीपी, आपला चेहरा. म्हणजे तुम्ही ऑपरेटर, पेन्शनरसाठी दाखला काढणारे, झालात. मग पेन्शनरचं आधार, पीपीओ नंबर, खाते नंबर, पेन्शन देणारी बँक. पेन्शनचा प्रकार 'फॅमिली' निवडायला विसरू नका. पुनर्विवाह केला आहे का, असाही प्रश्न येतो. आईच्या उशाशी बसून त्यापुढे 'नाही' दाबताना मला रडू आलं होतं.

शेवटी चेहरा. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आई दिवसातला बराच वेळ डोळे मिटूनच असते. पहिल्या दिवशी दुपारी अकरा वेळा प्रयत्न केला. खोलीत अंधार, ट्यूबलाइट मागून येणारी. काही जमेना. मावशी म्हणाल्या, "उद्या सकाळी या, चहाच्या आधी. त्या टायमाला आजी जाग्या असतात."

दुसऱ्या दिवशी साडेसातला गेले. स्पंजिंग झालं होतं, वेणी घातली होती. भिंतीवरच्या तक्त्यात सहाच्या रकान्यात 'डावी कूस' लिहिलेलं. मावशींनी आईला पाठीवर घेतलं, कॉटचा डोक्याकडचा भाग वर केला, कॉट खिडकीकडे वळवली. कापूस कोमट पाण्यात पिळून दोन्ही पापण्या नाकाकडून कानाकडे पुसल्या, कारण रात्रीची चिपडं सुकली की पापण्या चिकटतात. मग मी मोबाईल धरला आणि मावशी माझ्या खांद्यामागून म्हणाल्या, "आजी, चहा आणलाय. बघा तरी किती गरम आहे." आईने डोळे उघडले. मिटले. पुन्हा उघडले. पडद्यावर हिरवी खूण आली.

मिनिटाभरात प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा, मेसेज आला. मी तो मावशींना वाचून दाखवला आणि आम्ही दोघींनी तिथेच उभ्याने चहा घेतला. जानेवारीची 24 तारीख होती. फेब्रुवारीत डिसेंबर आणि जानेवारीची थकबाकी एकदम जमा झाली.

राहिलेल्या गोष्टी, जशा आठवतात तशा. मेसेज आला म्हणजे काम झालं असं धरू नका. बँकेने दाखला स्वीकारला की नाही ते जीवन प्रमाणच्या साइटवर आयडी टाकून बघा, चुकीचा नंबर असेल तर तो नाकारला जातो. आधारला मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर आजारी माणूस घरी असतानाच करून घ्या. खात्यातून पैसे काढायचे आणि सही येत नसेल तर अंगठ्याचा, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. "असं कुठे असतं का" म्हणाले तर नियम दाखवायला सांगा. आणि ज्यांचं वय ऐंशीच्या वर आहे त्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आईचं 2023 मध्ये आम्हाला गर्दीच्या आधीच महिनाभर करता आलं असतं.

2024 ला आम्ही 3 ऑक्टोबरलाच केलं. तीच खिडकी, त्याच मावशी. दुसऱ्याच प्रयत्नात झालं. त्याच सकाळी मावशींनी आणखी दोन आज्यांचं माझ्याकडून करून घेतलं. त्यांपैकी एकीचा मुलगा दुबईत आहे आणि त्याला बँकेने सांगितलं होतं की आईला घेऊन या.