अकरा कप्पे आणि एक वही

जिरा म्हणजे बग आणि कामं नोंदवायचं आमचं टूल. फेब्रुवारी २०२४ नंतर त्याच्या सर्व्हर आवृत्तीला, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालवायच्या आवृत्तीला, सपोर्ट मिळणार नाही, हे २०२० पासून जाहीर होतं. आम्हाला जाग आली ती २०२३ च्या दिवाळीनंतर. बाणेरच्या आमच्या ऑफिसात ३ टीम, २६ माणसं, आणि मी स्क्रम मास्टर, म्हणजे टीमचं काम अडू नये हे बघणारा. त्यामुळे नवं टूल निवडायचं झेंगट माझ्याच गळ्यात.

सवयीने एक्सेल उघडलं. डावीकडे ५२ फीचर्स, वर जिरा क्लाउड (जिराचीच इंटरनेटवरची आवृत्ती), अझ्युअर डेव्हऑप्स, रेडमाइन, ओपनप्रोजेक्ट. दोन दिवस टिका मारल्या. काही गोष्टी टूलमध्येच होत्या, काही प्लगिन लावून मिळत होत्या, पण टिक सगळीकडे पडत होती. सगळे पास!

म्हणून गुरुवारी विक्रेत्यांचे डेमो बाजूला ठेवले आणि टीमला आदल्या दिवशीचा खरा बग दिला. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले होते. ट्रायल अकाउंटवर तो तक्रारीपासून रिलीजपर्यंत न्यायचा, वेळ एक तास.

दहा मिनिटांत गाडी अडली. काम कुठवर आलंय ते दाखवणाऱ्या आमच्या जुन्या बोर्डावरच्या एका कप्प्यावरून. "अरे, 'क्यूए पेंडिंग २' कुठे टाकायचं?"

"ते असतं कशासाठी?" मी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. शेवटी एका जुन्या डेव्हलपरला आठवलं, एक क्लायंट दुसऱ्यांदा तपासणी मागायचा. क्लायंट केव्हाच गेला, कप्पा राहिला. असे आमच्या बोर्डावर ११ कप्पे होते, आणि ते सगळे नव्या टूलमध्ये जसेच्या तसे हवेत, हे माझ्याच यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. पॅन्ट्रीत कॉफी मशीनच्या वर सॉफ्टवेअर कसं बनवावं ते सांगणारा २००१ चा अजाइल जाहीरनामा फ्रेम करून लावलाय. त्यातलं पहिलंच मूल्य टूल्सपेक्षा माणसांना आणि त्यांच्यातल्या संवादाला झुकतं माप देतं. रोज त्याच्याखाली उभा राहून कॉफी पितो मी.

तेवढ्यात आमची टेस्टर म्हणाली, "मी तर बोर्ड बघतच नाही." तिने ड्रॉवरमधून २०० पानी वही काढली. बग नंबर, कुणाकडे अडलाय, कुठल्या बिल्डमध्ये (सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्तीत) आला. लाल पेनाने खुणा. पैसे कापल्याचा तो बग बोर्डावर 'डन' होता. वहीत लिहिलं होतं, 'बिल्डमध्ये नाही'. तपासलं. वही बरोबर होती.

दुपारभर व्हाइटबोर्डवर कप्पे पुसत बसलो. ४ उरले. टेस्टिंगच्या कप्प्यात एका वेळी तीनच कार्डं, हा नियम तिनेच घातला. ५२ फीचर्सच्या जागी आता तीन प्रश्न होते: बिल्ड नंबर किती क्लिकमध्ये नोंदवता येतो, जुनी तिकिटं सोबत येतात का, आणि उद्या सोडून जायचं झालं तर आपला डेटा बाहेर काढता येतो का. रेडमाइन मला मनापासून आवडलं होतं, फुकटही होतं; पण त्याचा सर्व्हर सांभाळायला आमच्याकडे माणूस नव्हता. जिरा क्लाउडच घेतलं.

पहिला स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपल्यावर तिच्या टेबलाशी गेलो. वही उघडीच होती.

"अजून दोन ठिकाणी जुळत नाहीये," ती म्हणाली. मी खुर्ची ओढली.