५५५ वरचा एन्व्हलप: कुठवर आलं

सिंथेसायझरचा आवाज कसा चढतो, टिकतो आणि उतरतो हे ठरवणारं एन्व्हलपचं सर्किट ब्रेडबोर्डवर चालतंय. सीमॉस ५५५ टायमर चिप, १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, अटॅक (चढण), डिके (त्यानंतरची उतरण) आणि रिलीज (कळ सोडल्यावरची शेपूट) यांना १ मेगाओमचा एकेक पॉट (फिरवायचा रेझिस्टर) आणि प्रत्येकाच्या जोडीला १ किलोओमचा रेझिस्टर. टाइम कॉन्स्टंट (कॅपॅसिटर भरण्या-रिकामा होण्याच्या वेळेचं माप) साधारण १ मिलिसेकंद ते १ सेकंद. माझ्या कामाला भरपूर.

ऑसिलोस्कोपवर अटॅक बघताना मजा आली. कॅपॅसिटर १२ व्होल्टकडे निघतो, पण ५५५ त्याला दोन तृतीयांशावर, म्हणजे ८ व्होल्टला अडवतो आणि डिके सुरू होतो. चार्जिंगचा वरचा रेंगाळणारा भाग त्यामुळे कापलाच जातो. जवळपास सरळ चढण आणि मग टोक. तोच सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखा तरंग), फिल्टर न हलवता: अटॅक २ मिलिसेकंद आणि सस्टेन (कळ दाबून धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य ठेवला की तार छेडल्यासारखं वाजतं, अटॅक ४०० वर नेला की गज फिरल्यासारखं. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेरने १९४८ मध्ये घंटेच्या रेकॉर्डिंगमधून नुसता ठोका काढून टाकला, तर घंटा घंटा वाटेना. वाद्य ओळखायला कान सुरुवातीवर किती विसंबतो!

डिकेची गंमत वेगळी. कॅपॅसिटर रिकामा होताना दर टाइम कॉन्स्टंटला ३७ टक्के उरतो, म्हणजे सुमारे ८.७ डेसिबल घट. डेसिबलमध्ये पाहिलं तर ही सरळ रेघ, म्हणून कानाला ती एकसारखी उतरती वाटते. सॉफ्टवेअरमध्ये लिनियर डिके लावून शेजारी ऐकला: आवाज बराच वेळ तसाच राहतो आणि शेवटी एकदम गायब. ड्रमसाठी तर अगदीच टाकाऊ. (पॅडच्या, म्हणजे लांब मऊ सुरांच्या, फेड-इनला मात्र लिनियर चालतो, उगाच दुराग्रह नको.)

अटॅक अगदी कमी केला की बासच्या सुरात ‘टक’ येते. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. व्हीसीए (एन्व्हलपच्या व्होल्टेजनुसार आवाज लहान-मोठा करणारा अँप्लिफायर) त्याच्या मधेच उघडला की तरंग शून्यावरून उडी मारतो, आणि त्या उडीत सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात. ३-४ मिलिसेकंदांवर टक मावळते. किक ड्रमसाठी मी ती मुद्दाम ठेवली आहे.

रिलीजचा पॉट काढून टाकावा का, हा विचार चालू आहे. १९७० च्या मिनिमूग सिंथेसायझरवर वेगळा रिलीज नव्हताच, एक स्विच होता आणि वेळ डिकेच्या नॉबचीच. पॅनलवरची जागा वाचेल, पण छोटा डिके आणि लांब शेपूट ही जोडी जाईल, आणि बेलच्या पॅचला (घंटेसारख्या आवाजाच्या जुळणीला) मला तीच हवी असते. बहुतेक पॉट राहणार.

फिल्टरसाठी दुसरा एन्व्हलप व्हेरोबोर्डवर अर्धा सोल्डर झालाय. लाऊडनेसचा डिके लांब आणि कटऑफचा (फिल्टर ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापतो त्या मर्यादेचा) त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, असं करून बघायचंय. सुरुवातीची चमक लवकर विझेल आणि मागे नुसता मऊ सूर उरेल, असा अंदाज. दोन्हींना गेट (कळ दाबल्या-सोडल्याचा सिग्नल) एकच.